नखाएवढी खिडकी

तळकोट नगरपालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयातला शेवटचा जुना मॉनिटर २०४४ सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, प्रभाग सहाचं पाणी चालू असताना गेला. आधी पडदा हिरवा झाला, मग त्यावर दोन आडव्या रेघा आल्या, आणि शिपाई सोनटक्के यांनी नेहमीप्रमाणे वरून थाप मारल्यावर तो कायमचा काळा पडला. प्रभाग सहाचे नळ मात्र चालूच राहिले. त्या दिवशी तिथल्या लोकांनी गाड्या धुतल्या, गोधड्या धुतल्या आणि एका उत्साही गृहस्थांनी घराची कौलंसुद्धा धुतली.

पल्लवी गव्हाणे ही पाणीपुरवठ्याची अभियंता. वय एकतीस, बोलणं थोडकं, चालणं भरभर. तिने लगेच नव्या मॉनिटरची मागणी केली. पण तसला मॉनिटर आता जगात कुणी बनवतच नव्हतं. बनत होती ती फक्त पटलं. वॉलपेपरसारखं भिंतीवर चिकटवायचं एक पातळ पटल, हात लावला की त्याला कळायचं, आणि चष्मा न घालता त्यातलं चित्र खोल, खरंखुरं दिसायचं. या खोलीसाठी एक युक्ती केलेली होती. माणूस डावीकडे सरकला तर त्याला वेगळा ठिपका दिसला पाहिजे, उजवीकडे सरकला तर वेगळा. म्हणून जिथे पूर्वी एक ठिपका पुरायचा तिथे आता शेकडो ठिपके कोंबलेले असायचे. जुन्या मॉनिटरवर एका इंचात शहाण्णव ठिपके मावत. या पटलावर चोवीसशे.

आठवड्याभरात आठ फूट लांबीचं पटल भिंतीवर चढलं. पल्लवीने कार्यालयाचा पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम सुरू केला. तळकोटच्या चौदाही प्रभागांचे व्हॉल्व त्यावरून उघडत आणि मिटत. प्रोग्रॅम सुरू झाल्याचा आवाज आला. पटलावर मात्र काहीच दिसेना.

"मॅडम, डाव्या कोपऱ्यात वर मुंगळा बसलाय," सोनटक्के म्हणाले आणि फडकं घेऊन निघाले.

"थांबा!" पल्लवी ओरडली. "तोच प्रोग्रॅम आहे!"

झालं होतं असं. ज्या कुणी तो प्रोग्रॅम लिहिला, त्याने सगळी मापं ठिपक्यांत लिहून ठेवली होती. खिडकी एक हजार चोवीस ठिपके रुंद, बटण बहात्तर ठिपके रुंद आणि चोवीस ठिपके उंच. त्याच्या काळी ठिपका म्हणजे ठिपका. त्याचा आकार पुढे कधी बदलेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. ठिपके पंचवीसपट बारीक झाले तशी त्याची खिडकी पंचवीसपट आकसली आणि आठ फुटी भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढी उरली. त्यातलं एकेक बटण रव्याच्या दाण्याएवढं. माउसचा बाण मात्र नव्या मापाचा, ऐटदार. तो जवळ नेला की अख्खी खिडकी त्याच्याखाली झाकून जायची.

पल्लवीने भिंग आणलं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पटलाची लेखणी, श्वास रोखून तिने प्रभाग तीनचं 'उघडा' दाबलं. पाणी प्रभाग नऊला गेलं. तिथे दुपारी पाणी येण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे लोकांनी नळ उघडे टाकून झोप काढली होती. पाऊण तासाने तिथून एक मोर्चा आला. प्रभाग तीनचा मोर्चा आधीच बाहेर उभा होता.

नवा प्रोग्रॅम घ्यायचा तर निविदा काढायची, मंजुरी घ्यायची, चौदा व्हॉल्वची यंत्रंही बदलायची. दीड-दोन वर्षं कुठेच गेली नाहीत. संगणकाला 'सगळं मोठं करून दाखव' म्हणण्याची सोय होती खरी, पण ती लावली की हा प्रोग्रॅम सुरूच व्हायचा नाही. त्या संध्याकाळी पल्लवी पायी घरी निघाली होती. बाजारपेठेच्या टोकाला एका काचेमागे एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात काहीतरी धरून बसले होते. काय धरलंय ते तिला दिसेना. ती आत गेली.

"काका, काय आहे हे?"

"स्क्रू," ते मान वर न करता म्हणाले. "लेडीज घड्याळाचा."

"मला दिसत नाहीये."

"तुम्हाला कशाला दिसायला हवा? मला दिसतोय ना."

पल्लवी समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, नगरपालिकेत नोकरी करता का?"

भास्कर दहाळे तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, पण गेल्या दहा वर्षांत मनगटावर घड्याळ बांधणारी माणसंच संपली होती. ते रोज सकाळी दुकान उघडत, काच पुसत, आपलीच घड्याळं खोलत आणि पुन्हा जोडत. पल्लवीबरोबर ते कार्यालयात आले, डोळ्याला भिंग अडकवून पटलाजवळ गेले आणि म्हणाले, "अहो, हे तर छान मोकळंढाकळं आहे. ही तुमची लेखणी मात्र मुसळासारखी जाड आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोडक्या घड्याळाच्या चाकाचा आस लेखणीच्या टोकाला बसवून आणला. केसासारखं टोक. त्यांनी बसल्याबसल्या चौदा व्हॉल्व उघडून मिटून दाखवले. एकही चूक नाही.

अशा रीतीने भास्कर दहाळे तळकोटचे पाणी सोडणारे झाले.

गावात पाणी सोडणाऱ्याला काय मान असतो हे ज्याला नळाला पाणी चोवीस तास असतं त्याला कळणार नाही. महिन्याभरात दहाळ्यांच्या दुकानात गर्दी होऊ लागली. संध्याकाळी ते दुकान उघडायचे तेव्हा पायरीवर चार-पाच जण बसलेले असायचे. कुणी आजोबांचं खिशातलं घड्याळ आणायचं, कुणी लग्नात मिळालेलं. दहाळे सुखावले. जेवताना बायकोला म्हणाले, "कुमुद, बघ, जुन्या गोष्टींची किंमत कळायला लागली लोकांना. आज सात घड्याळं आली."

कुमुदताईंनी भात वाढला. "कुठकुठल्या प्रभागातली?"

"म्हणजे?"

"विचारा उद्या."

दहाळ्यांनी विचारलं नाही, पण लक्ष ठेवलं. घड्याळ दुरुस्त झालं की गिऱ्हाईक ते कानाला लावायचं, वा वा करायचं आणि जाता जाता म्हणायचं, "काका, आमच्या चारमध्ये जरा पाच मिनिटं वाढवता आली तर बघा." एका गृहस्थांनी तर तेच घड्याळ तीनदा आणलं. तिसऱ्या वेळी दहाळ्यांनी ते उघडलं तेव्हा आतली केसाएवढी स्प्रिंग मुद्दाम वाकवलेली होती. त्यांनी ती सरळ केली, घड्याळ परत दिलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

एक सेकंदही इकडचा तिकडे करायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पाहिजे त्याने मोजून घ्यावं.

आता अडचण अशी की दहाळे स्वतः राहायचे प्रभाग अकरामध्ये, कासार आळीत. आळी उंचावर, टाकीपासून सगळ्यात लांब, नळ जुने. पंचेचाळीस मिनिटांत तिथे जेवढं पाणी येई तेवढं सखल भागातल्या प्रभाग दोनला पंधरा मिनिटांत मिळे. हे काही कुणाच्या मनात पाप असल्यामुळे नव्हतं. उतारावर पाणी धावतं आणि चढावर दमतं, एवढंच. पण आळीतल्या बायकांना वाटलं, आता आपलाच माणूस बसलाय, आता चांगले दिवस येणार. दोन महिने त्यांनी वाट पाहिली. मग कुमुदताईंशी बोलणं कमी केलं. तिळगुळाला शेजारच्या रागिणीताईंनी त्यांना बोलावलं, पण वाण दिलं ते प्लास्टिकचा रिकामा मग. हसत हसत दिलं.

त्या दिवशी कुमुदताई घरी येऊन म्हणाल्या, "अहो, एक विचारू? आपल्या आळीचं पाणी रोज अर्धा मिनिट आधी का जातं?"

"छे, भलतंच. घड्याळ पुढे असेल आपलं."

"भिंतीवरचं घड्याळ तुम्हीच लावून दिलंय. वर्षाला दोन सेकंदसुद्धा चुकत नाही म्हणून सगळ्या पाहुण्यांना सांगता."

दहाळ्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. घड्याळ चुकतं असं म्हणावं तर चाळीस वर्षांच्या कामाला बट्टा. चुकत नाही म्हणावं तर पकडले गेलेच.

"लोक म्हणतील स्वतःच्या आळीला झुकतं माप देतो," शेवटी ते म्हणाले. "म्हणून जरा आधीच बंद करतो."

"लोक म्हणतील!" कुमुदताईंनी तो मग मोरीत ठेवला. "लोकांचं तोंड बंद करायला आमचा नळ बंद." त्यानंतर चार दिवस त्या त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या.

दहाळ्यांचं पाणी सोडणं असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. तेवढ्यात संगणकाच्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली. जुने, आकसलेले प्रोग्रॅम आपोआप ओळखून ती ते भिंतभर मोठे करून दाखवणार होती. पल्लवीने ती बसवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या प्रोग्रॅमची अक्षरं दारातून वाचता आली. 'प्रभाग १' हे शब्द पाटीसारखे ठळक. बटणं फरशीएवढी.

"आता कुणीही दाबू शकेल!" नगराध्यक्ष प्रतापराव जमदाडे म्हणाले. त्यांनी लगेच उद्घाटन ठरवलं. पल्लवीने चाचणीसाठी आठ दिवस मागितले. प्रतापरावांनी तिला हार आणि पेढ्यांची व्यवस्था बघायला सांगितलं. गुरुवारी सकाळी अकराला, एकाच कार्यक्रमात, मोठ्या खिडकीचं उद्घाटन आणि दहाळ्यांचा निरोप. दहाळ्यांना शाल आणि नारळ मिळाला. भाषणात प्रतापराव म्हणाले की दहाळ्यांची नजर घारीची आहे. दहाळे मान खाली घालून शालीच्या दशा मोजत होते. आपण सुटलो असं वाटायला हवं, असं त्यांना वाटत होतं. वाटत नव्हतं.

मग प्रतापराव पटलाच्या पूजेसाठी पुढे झाले. त्यांनी अनामिकेने कुंकू घेतलं आणि कुठे लावावं असा विचार करून, अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून, पटलाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, अगदी मोकळ्या जागी, ते दाबून लावलं.

टाळ्या वाजल्या. पटलावरच्या चौदा पाट्या एकामागून एक हिरव्या झाल्या.

"वा!" प्रतापराव म्हणाले. "शुभ संकेत!"

पल्लवीच्या हातातलं पेढ्याचं ताट टेबलावर आदळलं. काय झालंय ते तिला त्या क्षणी कळलं. नव्या आवृत्तीने चित्र मोठं केलं होतं, पण फक्त चित्र. स्पर्श कुठे झाला हे तो जुना प्रोग्रॅम अजूनही आपल्याच मापाने मोजत होता. त्याच्या लेखी खिडकी अजून नखाएवढीच होती आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातच होती. दिसत नव्हती, एवढंच. भिंतीवरची ती फरशीएवढी बटणं म्हणजे नुसता फोटो. आणि प्रतापरावांचं बोट त्या अदृश्य खिडकीतल्या 'सर्व उघडा' या बटणावर पडलं होतं. ते बटण वर्षातून एकदा, टाकी धुतल्यावर, नळ्या साफ करायला वापरत.

"मग 'सर्व बंद' दाबा की," प्रतापराव म्हणाले.

"तसं बटण नाहीये साहेब. मुद्दामच ठेवलेलं नाही." पल्लवी मोठ्या बटणांवर हात आपटून बघत होती. काही होत नव्हतं. "धावतं पाणी एकदम अडवलं तर ते मागे उसळतं. चौदा व्हॉल्व एकदम मिटले तर त्या दणक्याने नळ्या फुटतील. एकेक करूनच बंद करावे लागतात, मध्ये मिनिट-दीड मिनिट सोडून."

"मग संगणकच बंद करा!"

"व्हॉल्व उघडे आहेत तसेच राहतील."

"माणसं पाठवा, हाताने फिरवतील."

"चौदा ठिकाणी? दोन माणसं आहेत साहेब. आणि टाकीचं पाणी..." तिने टाकीचा आकडा पाहिला. तीन मीटर दहा. बघता बघता तीन मीटर शून्य-नऊ. "एक मीटर वीसच्या खाली गेलं की रुग्णालयाची नळी कोरडी पडते. आत्ता तिथे डायलिसिसवर पाच जण आहेत. त्या यंत्रांना एकसारखं पाणी लागतं."

सोनटक्क्यांना काय करावं सुचेना, म्हणून ते कोपऱ्यातलं कुंकू पुसायला निघाले.

"पुसू नका!" दहाळे ओरडले. आयुष्यात ते इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच ओरडले असतील. शाल खुर्चीवर टाकून ते पटलाशी आले, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि आपली बारीक टोकाची लेखणी हातात घेतली. "साहेबांचं बोट जिथे टेकलं तिथे 'सर्व उघडा' आहे. तेवढी एकच खूण आहे आपल्याकडे."

भिंगातून कुंकवाचे कण खडकांसारखे दिसत होते. खाली बटणं नव्हती, नुसती पांढरी भिंत. पण दोन वर्षं रोज अठ्ठावीस वेळा ते तिथे गेले होते. कुठून कुठे किती, हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं.

"कुठला आधी?" त्यांनी विचारलं.

"सखल भागातले, जाड नळ्यांचे. सगळ्यात जास्त पाणी तिकडे चाललंय," पल्लवी म्हणाली. "दोन, पाच, एक, आठ. अकरा सगळ्यात शेवटी. तिथे तसंही थोडंच चढतं."

दहाळ्यांचा हात थबकला. अकरा शेवटी. उद्या सगळं गाव म्हणणार, दहाळ्याने सगळ्यांचं तोडलं आणि स्वतःच्या आळीचं चालू ठेवलं. क्षणभर त्यांच्या मनात आलं की अकराच पहिला मिटवून टाकावा. त्यांनी भिंगातून त्या लाल खडकांकडे पाहिलं, टोक खाली आणलं आणि दाबलं.

भिंतीवर 'प्रभाग ५' लाल झाला.

"मी दोन म्हटलं होतं," पल्लवी हळूच म्हणाली.

"हो. दीड कण उजवीकडे गेलो. चालेल, आता अंदाज आला."

मिनिटभराने दोन लाल झाला. लगेच प्रतापरावांचा फोन वाजला. त्यांची कोठी प्रभाग दोनमध्ये होती. "अगं, आलं आणि गेलं म्हणजे काय करू मी? मीच सोडलं होतं... हो, कुंकवाने... नंतर सांगतो." मग एक, मग आठ. दहाळ्यांच्या कपाळावरून घाम उतरत होता आणि पल्लवी तो पेढ्यांच्या रुमालाने टिपत होती. टाकी दोन मीटर. एक मीटर ऐंशी. तीन, नऊ, चार. एक मीटर पन्नास. एकेक प्रभाग बंद होत गेला तसा उरलेल्यांचा जोर वाढत गेला.

बारावा, तेरावा लाल झाला तेव्हा टाकीत एक मीटर बत्तीस पाणी होतं. फक्त अकरा हिरवा उरला. आणि तेव्हाच पल्लवीचा फोन वाजला.

"मॅडम, मी कुमुद दहाळे. ते आहेत का तिथे? त्यांना सांगा, आळीत पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढलंय! वीस वर्षांत पहिल्यांदा! रागिणी नाचतेय गच्चीवर. माझ्या डोक्याला शिकेकाई आहे, निदान दहा मिनिटं तरी..."

पल्लवीने फोन दहाळ्यांच्या कानाला लावला.

"कुमुद," दहाळे म्हणाले, "दवाखान्यात पाच माणसं यंत्रावर आहेत. टाकी संपत आलीय. मला बंद करावं लागतंय."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. खूप पाण्याचा. मग तो कमी झाला.

"करा," कुमुदताई म्हणाल्या.

दहाळ्यांनी टोक खाली नेलं. ते पटलाला टेकणार तेवढ्यात सगळी भिंत निळी झाली. मधोमध शब्द उमटले: 'नवी सुधारणा बसवत आहोत. कृपया बंद करू नका. ३ टक्के.'

पल्लवीच्या तोंडून जो शब्द निघाला तो नगराध्यक्षांसमोर काढायचा नव्हता. "किती वेळ?" दहाळ्यांनी विचारलं.

"तासभर." तिने फोन स्पीकरवर टाकून त्यावरच टाकीचा आकडा पाहिला. एक मीटर एकोणतीस. "पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत आपल्याकडे. अकराचा व्हॉल्व टेकडीपलीकडे आहे, माणूस पोचायलाच अर्धा तास."

फोन अजून चालूच होता. "कुमुद," दहाळे म्हणाले, "मला बंद करता येत नाहीये."

"म्हणजे तुमचं यंत्र बिघडलं?"

"हो."

"आणि आमचे नळ?"

दहाळ्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. व्हॉल्व उघडा राहिला तरी पाणी जाणार होतं ते नळांतूनच. "आळीत दीडशे घरं आहेत," ते म्हणाले. "आणि तुझ्याशी तर कुणी बोलत नाही."

"नसेनात बोलत. ऐकतील तर खरं."

पुढचं सगळं पल्लवीला आणि दहाळ्यांना फोनमधून फक्त ऐकू आलं. कुमुदताई शिकेकाईने माखलेल्या डोक्याला टॉवेल गुंडाळून रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच दारात म्हणाल्या, "रागिणी, नळ बंद कर." रागिणीताई गच्चीवरून म्हणाल्या, "वीस वर्षांनी आलंय पाणी, तुमच्या यजमानांचं काय बिघडलं इतकं?" कुमुदताई म्हणाल्या, "त्यांचं काही नाही. तिकडे पाच जणांचं रक्त यंत्रात फिरतंय, ते थांबेल." मग एक नळ बंद झाल्याचा करकर आवाज आला. मग रागिणीताईंचा आवाज, कुमुदताईंपेक्षाही मोठा: "ए शकू! नळ! अहो जोशीकाकू, नळ बंद करा! कारण नंतर विचारा!"

टाकी एक मीटर पंचवीस. एक मीटर चोवीस. बराच वेळ चोवीसच. मग तेवीस. सोनटक्के देवाचं नाव घेत होते आणि प्रतापराव त्यांच्या शेजारी उभे राहून तेच नाव घेत होते. एक मीटर बावीस. आकडा तिथे आला आणि थांबला. पल्लवीने फोन हलवून पाहिला. बावीसच.

"कासार आळी," ती पुटपुटली. "दीडशे घरं."

तासाभराने प्रणाली पुन्हा सुरू झाली, तेव्हा दहाळ्यांनी अकराही मिटवला. रुग्णालयातल्या पाच जणांना यातलं काही कळलंच नाही. त्यांच्यातल्या एकाने संध्याकाळी फक्त तक्रार केली की आज टीव्हीवर उद्घाटन दाखवणार होते ते का दाखवलं नाही.

पल्लवीने ती आवृत्ती त्याच दिवशी काढून टाकली आणि पुढचे दोन आठवडे चित्र आणि स्पर्श एकाच मापात आणण्यासाठी एक छोटा मधला प्रोग्रॅम लिहिला: खिडकी भिंतभर मोठी करून दाखवायची, आणि पटलावर बोट जिथे पडेल ते अंतर तेवढ्याच पटीने भागून जुन्या खिडकीला कळवायचं. सगळा मिळून अठरा ओळींचा. लिहून झाल्यावर ती आधी बराच वेळ हसली, मग नगरपालिकेच्या सभेत गेली आणि त्या दिवशीच्या टाकीच्या नोंदी भिंतीवर दाखवल्या. जोर असेल तर कासार आळीत पाणी चढतं, नसेल तर चढत नाही, हे आता आलेखात दिसत होतं. अकराला वीस मिनिटं वाढवून द्यावीत आणि ती दुसरं कुणी पाणी घेत नसताना द्यावीत, असा प्रस्ताव तिने ठेवला.

दहाळे मागच्या बाकावरून उठले. "मला एक सांगायचंय. दोन वर्षं मी अकराचं पाणी रोज अर्धा मिनिट आधी बंद करत होतो. कुणी बोट दाखवू नये म्हणून. ते बरोबर नव्हतं." सभेत कुजबुज झाली. प्रतापराव घसा साफ करून म्हणाले की प्रस्ताव मंजूर करायला त्यांची हरकत नाही, फक्त उद्घाटन ठेवू नये.

कुमुदताई बायकांच्या बाकावर बसल्या होत्या. घरी जाताना रस्त्यात म्हणाल्या, "तेही पंचवीस सेकंद होते. अर्धा मिनिट नव्हतं. उगाच वाढवून कशाला सांगायचं?"

मोठी बटणं आता सोनटक्केसुद्धा दाबू शकत होते, आणि दहाळ्यांची नोकरी संपली. महिनाभर ते दुकानात बसले. मग घाटावरच्या एका गावाहून पल्लवीला फोन आला. त्यांच्याकडे तोच जुना प्रोग्रॅम, तेच नवं पटल, आणि त्यांचा पाणी सोडणारा भिंगाने डोळे दुखतात म्हणून रजेवर गेलेला. पल्लवीने आपल्या अठरा ओळी पाठवायचं कबूल केलं, पण त्या बसवताना मापं जुळतात की नाही हे डोळ्यात भिंग घालून पाहणारं कुणीतरी हवं होतं. अशी आणखी चाळीस-बेचाळीस गावं होती.

"तुम्ही जाल का काका?"

"मी एकटा गेलो तर जेवणाचे हाल होतील," दहाळे म्हणाले आणि बायकोकडे पाहिलं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण कामाशिवाय दोघांनी मिळून कुठे जायची ती पहिलीच वेळ. म्हणजे तेही कामच होतं, पण कुमुदताईंनी त्यासाठी नवी बॅग घेतली. त्या गावातल्या विश्रामगृहात त्यांना दरीकडेची खोली मिळाली. खानसाम्याने न्हाणीघर उघडून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, पाणी झऱ्याचं आहे. चोवीस तास."

तो गेल्यावर कुमुदताईंनी नळ सोडला. जाड, गार धार पडायला लागली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या. दहाळे बाहेर खुर्चीवर बसून भिंगाची काच पुसत होते.

"अहो," थोड्या वेळाने त्या आतून म्हणाल्या, "हे जातं कधी?"

"जात नाही म्हणे."

"कुणी बंद करत नाही?"

"कुणी नाही."

आत बराच वेळ नुसता धारेचा आवाज येत राहिला. मग दार लोटल्याचा. दहाळ्यांनी काच पुसायची थांबवली, भिंग डबीत ठेवलं आणि पाय पसरून दरीकडे पाहत बसले. आत कुमुदताई काहीतरी गुणगुणत होत्या. किती वाजले ते त्यांनी पाहिलं नाही.